शेवंताकाकूंचा छेरछेरा

शेवंताकाकू रस्ता झाडताना सारख्या काहीतरी पुटपुटत असत. नवे भाडेकरू म्हणायचे, बाई देवाचं नाव घेते. कसलं देवाचं नाव! ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असायचा, आणि मला तो ऐकायला फार आवडे. बूढापारा मोहल्ल्यात आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. काकूंचं माहेर वर्धेकडचं; नवरा रेल्वेत हमाल होता, पुढे दम्याने घरीच बसला. नवं राज्य झालं, आमचं शहर त्याची राजधानी झालं, साहेबांच्या गाड्या वाढल्या, त्यांना रस्ते चकाचक हवे झाले. तेव्हापासून काकू महापालिकेच्या ठेक्यावर झाडूला लागल्या.

पुढे पालिकेने ठरवलं, ठेक्यावरच्या माणसालाही कलेक्टरने ठरवलेल्या दरानेच मजुरी मिळेल, आणि तीही बँकेत. बायकांनी पेढे वाटले. ठेकेदार बेरकी. सगळ्यांची खाती त्यानेच उघडली आणि "तुम लोग गुमा दोगे" म्हणत एटीएम कार्डं स्वतःच्या कपाटात ठेवली. मजुरी पूर्ण जमा व्हायची. तो ती काढायचा आणि निम्मी हातावर टेकवायचा. कागदोपत्री सगळं स्वच्छ.

"मले येडी समजते का हा?" काकू म्हणायच्या. "घाम माहा अन् कपाट याचं!"

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी काकांचा दमा बळावला. दवाखान्यात भरती करायला पैसे हवे होते. काकू कार्ड मागायला गेल्या. तो मेला ठेकेदार चहा पीत म्हणाला, "पहली तारीख को आना." पहिली तारीख आली तेव्हा काका नव्हते. काकू रडल्या नाहीत. तेरावं झाल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "पोट्टी, मी याले सोडत नाही."

मग पौषातली पुनव आली, छेरछेरा. त्या दिवशी लोक दारोदार धान मागत फिरतात, आणि दारी आलेल्याला रिकामं परत पाठवायचं इथे कुणाच्या मनातही येत नाही. झाडूवाल्या सगळ्या बायका घेऊन काकू चौबे कॉलनीत ठेकेदाराच्या दारात उभ्या राहिल्या. टोपली घेऊन मीही सोबत होते. आत त्याचे व्याही आलेले. त्याची बायको सूपभर धान घेऊन बाहेर आली, तशी काकूंनी टोपली मागे घेतली.

"धान नइ चाही दीदी. हमर एटीएम कार्ड भैया के आलमारी मा हे, ओला दे दे." धान नको, कपाटातली कार्डं द्या, असं काकूंनी इथल्या बोलीतच सुनावलं.

व्याह्यांनी मान वर केली. ठेकेदाराचं तोंड असं काही उतरलं, की आजही आठवलं तर मला चार घास जास्त जातात. सणाच्या दिवशी, व्याह्यांसमोर, नाही म्हणणार कसा? कार्डं टोपलीत पडली.

काकू तेवढ्यावर थांबल्या नाहीत. श्रम कार्यालयात तक्रार गेली, बायका साक्षीला तयार झाल्या. जबाबाच्या दिवशी सकाळीच ठेकेदार आमच्या गल्लीत, काकूंच्या दारात हजर, हात जोडून.

"माफ कर दो बाई. मेरा ठेका चला जाएगा."

काकूंनी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "मेरे को काहे को बोलते? इनको बोलो."

तो फोटोसमोर उभा राहून हळूच म्हणाला, "माफ कर दो."

"जोर से. इनको सुनाई नहीं आया."

तो मोठ्याने म्हणाला. शेजारपाजारचे दारात जमले.

"और जोर से."

आता तो ओरडलाच. काकूंनी फोटोकडे कान केला.

"पाह्य पोट्टी," त्या मला म्हणाल्या, "काही बोलून नाही राहिले ते."

मग त्यांनी चपला घातल्या आणि आम्ही जबाब द्यायला निघालो.