दोरीला हात लावला म्हणून

परदेशी लोकांची नोंदणी होते त्या कचेरीत साहेबांनी मोबाईल टेबलावर उभा केला आणि आवाज वाढवला. पडद्यावर माझी बायको रापणीची दोरी ओढत होती. मागून माझाच आवाज. खिदळणारा. "बगा, बगा, कमावती बाईल. मी आपलो बसान खातंय."

"कमावती," साहेब म्हणाले. "तुम्हीच म्हणताय."

आम्ही दोघं उभे. बाजूच्या खुर्चीत अप्पा, हातात चहाचा कप. अप्पा म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलचे मालक. तक्रार कोणी केली हे विचारायची गरजच पडली नाही. त्यांची गिऱ्हाइकं जेवायला माझ्या आईच्या खानावळीत येतात, हे त्यांना बरेच दिवस खुपत होतं.

अप्पांनी बायकोला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मला विचारलं, "लगीन केलंस की मोलकरीण हाडलंस रे?"

शिपाई हसला. साहेब हसले. पलीकडच्या टेबलावरच्या बाईसुद्धा हसल्या.

मीही हसलो.

माझी खोडच ती. चारचौघांत कोणी माझी टर उडवली की मी सगळ्यांच्या आधी हसतो. त्यामुळे गावात माणूस गमतीदार म्हणून ओळख आहे. पण ही टर माझी नव्हती.

बायको फिलिपिन्सची. मारिसेल. आई तिला मारीबाय म्हणते. आम्ही एकाच प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात होतो. ती मासळीचा विभाग सांभाळायची आणि मी तिच्या हाताखाली कांदे सोलायचो. जाड सोलले म्हणून तिने मला दोन भाषांत शिव्या घातल्या, तिथून आमचं जमलं. लग्न केलं, जहाज सोडलं. चल, माझ्या गावात समुद्र आहे, असं मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिच्या गावातही समुद्रच होता. तरी आली.

आल्यावर कळलं, व्हिसा माझी बायको म्हणून. राहायचं. काम करायचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली की कायमच्या कार्डासाठी अर्ज करता येतो, तोवर मुदत वाढवून घेत राहायची. जहाजावर माझ्यावर हुकूम सोडणारी बाई माझ्या घरात फक्त कोणाची तरी बायको झाली. मी ऐकलं, मान हलवली आणि विसरून गेलो.

आणि रापण लागली. समुद्रात लांब जाळं टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या माणसांनी ओढायच्या. आमच्याकडे एकच रीत. दोरीला हात लावला त्याला वाटा. कोणाचा कोण, कुठून आला, कोणी विचारत नाही. मारिसेलने साडी खोचली आणि दोरी धरली. रापणीचे म्होरके दाजी. त्यांनी वाटे घालताना तिच्यापुढेही बांगडे ओतले. ती ज्या नजरेने ते बांगडे बघत होती, तसं जहाजावरच्या पगाराकडेही तिने बघितलं नव्हतं. मला राहवलं नाही. व्हिडिओ काढला, वर अक्कल पाजळली आणि गावभर पाठवला.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, पुढच्या सोमवारी दोघं या आणि लिहून द्या की पत्नी कोणतंही काम करत नाही, त्या दिवशी गंमत म्हणून दोरी धरली. मिटवून टाकू.

मी थँक्यू म्हटलं. दोनदा.

परत येताना वाटेत कसालच्या नाक्यावर चहाला थांबलो. मारिसेल मालवणी माझ्या आईकडून शिकली. त्यामुळे माझ्याशी ती बायकोसारखी बोलतच नाही, आईसारखी बोलते. अप्पांचं वाक्य तिला अक्षर न् अक्षर कळलं होतं. चहा तसाच ठेवून तिने विचारलं,

"तू कित्याक हसलस रे?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. स्कूटरवर ती मागे बसली, पण मला धरून बसली नाही.

सोमवारी साहेबांनी मजकूर तयारच ठेवला होता. पेन तिच्यासमोर केलं. तिने ते घेतलं नाही.

"गंमत नाय," ती म्हणाली. "मी काम केलंय. वाटो घेतलंय."

साहेब दचकले. भाषेला की बोलण्याला, कोण जाणे. मला म्हणाले, समजवा यांना. असं लिहिलं तर परत जावं लागेल कदाचित. सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी नेहमीची जागा. जिभेवर विनोद आलासुद्धा, चांगला होता. गिळला. कचेरीत मी कायम पुस्तकी मराठी झाडतो. त्या दिवशी ती सापडेना.

"ती म्हणता तां खरां आसा," मी म्हटलं. "तसांच लिवा."

लिहिलं. फाइल वर गेली. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही. मुदत संपत आली आहे. फोन केला की म्हणतात, कळवू. आईने मारीबायची बॅग माळ्यावर टाकली आणि शिडी शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. सरकारशी लढायची तिची ती पद्धत. माझ्याकडे तेवढीही नाही.

काल पुन्हा रापण लागली. अप्पांच्या हॉटेलातले पाहुणे आले होते. त्यांत एक गोरा, अर्ध्या चड्डीत. त्याने दोरी ओढली, आपल्या बायकोकडून फोटो काढून घेतले. दाजींनी रीतीप्रमाणे त्याच्याही हातात बांगडे दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पर्यटक. चार दिवसांनी जाणार. त्याने ओढली ती मौज. मारिसेल इथे राहणार, म्हणून तिने ओढली तो गुन्हा. ती वाळूत उभी होती, हात पाठीमागे बांधून. ते कोणाला बांधावे लागले नाहीत.

मी दोरी सोडली.

दाजी ओरडले, "तू तरी वढ रे."

"तिचो हात चलना नाय तर माझो पण नाय."

दाजींनी माझी जागा दुसऱ्याला दिली. जाळं माझ्याशिवायही बाहेर आलं. येणारच. माझ्या एकट्याच्या हाताने रापण अडत नाही, फाइलही हलत नाही. हे मला कळतं.

पण पुन्हा बोलावणं येईल. अप्पा त्याच खुर्चीत असतील, चहा घेत. तेच विचारतील, खोली हसेल. मी हसणार नाही. खुर्ची ओढून अप्पांच्या समोर ठेवीन, तिच्यावर मारिसेलला बसवीन आणि विचारीन, यात हसण्यासारखं काय ते मला समजावून सांगा. आणि ते सांगेपर्यंत मी तिथून हलणार नाही.