ऑड वाटतंय, एवढंच म्हणालो

“दादा बोरिवलीला गेला आणि महिन्याभरात इंग्रज झाला. आईने फोनवर ‘करमतं का रे?’ विचारलं, तर म्हणतो कसा, ‘जरा ऑड वाटतंय, होईन ॲडजस्ट.’ आईशी इंग्रजी!” माझा धाकटा भाऊ वसंता ही कथा दर गणपतीत पेणच्या घरी सांगतो आणि नवी पिढी दर वेळी हसते. तिथे राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनी आता माझी बाजूही ऐकावी.

मी निघालो त्या सकाळी वडील एसटीच्या थांब्यावर भेटेल त्याला सांगत होते, “थोरला मुंबईत ब्लॉकमध्ये राहणार!” आई उंबऱ्यापाशीच थांबली होती. त्या ब्लॉकमध्ये शेजाऱ्यांचं दार दिवसभर बंद असे आणि मला हाक मारणारं कोणी नव्हतं. हे सांगायला मला मराठी शब्द सुचला नाही, असं वसंताचं म्हणणं. शब्द होता: करमत नाही. पण आमच्या घरी तो सहज उच्चारण्याचा शब्द नव्हता. सासरहून आत्याचा ‘करमत नाही’ असा निरोप आला, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला आणायला निघे. कारण विचारायचं नाही, आणायचं, असा शिरस्ता. लेकीला त्यात कमीपणा नव्हता. नोकरीला लागलेल्या थोरल्या मुलाला होता. ‘ऑड’ ऐकून कोणी एसटी पकडत नाही, म्हणून मी तो शब्द निवडला. याला ताठा म्हणा. मातृभाषेची लाज म्हणू नका.

आज माझी नात अंधेरीच्या भाड्याच्या खोलीतून फोन करते, “आजोबा, फार आउट ऑफ प्लेस वाटतं इथे.” मी विचारतो, “येऊ का गं न्यायला?” ती म्हणते, “काहीतरीच काय, चिल!” पण फोन ठेवत नाही.

वसंता कथेचा पुढचा भाग नेहमी गाळतो. गावातल्या दुकानात तो फोन झाल्यावर आईने त्याला विचारलं होतं, “ऑड म्हणजे रे?” कॉलेजात शिकणारा हा विद्वान उत्तरला, “म्हणजे साहेब मजेत आहेत.” तरीही दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोरिवलीला धाडलं. हे सारं त्यानेच मला दारात उभं राहून सांगितलं, वर म्हणाला, “आईने बघून ये म्हटलंय. काय बघू?” मी त्याला पोटभर जेवू घातलं, “झकास चाललंय, सांग तिला,” म्हणालो आणि दुपारच्या गाडीत बसवून दिलं. पुढे सारं आयुष्य बोरिवलीत गेलं, त्याची माझी तक्रार नाही. त्या एका दुपारची आहे.

आईला माझं बोलणं कळलंच नाही, हा वसंताचा शेवटचा मुद्दा. आमची बहीण सुमन त्या दिवशी घरी होती, तिला विचारा. संध्याकाळी वसंता एकटाच परतला, तेव्हा आईने दोन पानं मांडून ठेवली होती.