ओळखीची पावले

रविवार, बारा जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. सक्करदऱ्याच्या मैदानावर दवाने ओलावलेल्या मातीत अनवाणी पावलांचा दबका नाद उमटत होता. मुलींच्या खो-खो संघातल्या शेवटच्या, बाराव्या जागेची ती चाचणी. जागा एक, मुली दोन. त्यांतली एक गौरी, संघाच्या प्रशिक्षिका सुनंदाबाईंची लेक. निवडीचे काम माझ्याकडे.

निवडीत वशिला कसा शिरतो, हे मला कुणी शिकवायला नको. एके काळी हा संघ चालवणाऱ्या याच क्रीडासंस्थेच्या मुलांच्या यादीत मी स्वतःच्या मुलाचे नाव घातले होते. पहिल्याच सामन्यात तो क्षणार्धात बाद झाला. पुन्हा तो मैदानाकडे फिरकला नाही. पित्याच्या लेखणीने दिलेली जागा पुत्राच्या पायांना कशी पेलावी?

म्हणूनच सुनंदाबाईंची रीत मी आदराने पाहत आलो आहे. गौरीची पाळी आली की शिटी माझ्या हाती देऊन त्या पाठमोऱ्या बसत. त्या दिवशी मात्र त्या बादली उचलून दूरच्या नळाकडे निघाल्या. मी कारण विचारले.

"पाठ फिरवून का होते, काकाजी? पोरीच्या पायाचा आवाज तं ओळखू येतेच नं. अन् ओळखला का तोंडातून 'पळ वं' निघते."

बादली भरेतो दोघींची धाव संपली. वेळ सेकंदासकट एकच निघाली. नळापाशी जाऊन मी तसे सांगितले. बाईंनी नळ बंद केला.

"मंग दुसरीले घ्या. माही पोरगी घरीबी शिकते. बरोबरीत आली म्हणजे मागंच राहिली."

हा न्याय गौरीवर थोडा जडच होता, हे मी नाकारीत नाही. परंतु असे माप स्वतःच्या अपत्याला लावायला जे धैर्य लागते, ते माझ्यात नव्हते.

गौरी मागेच उभी होती. तिने बादली उचलली. मैदानावर ती आईला मॅडमच म्हणते.

"उद्या किती वाजता, मॅडम?"

"साडेसहाले. आजच्यासारखी डुलत डुलत नको येऊ."

मायलेकी पाणी घेऊन माझ्या पाठीमागून गेल्या. मी वळलो नाही. तरी गौरीची पावले मला ओळखू आली.

संध्याकाळी घरी गजराच्या घड्याळातला जुना सेल काढून नवा घातला आणि साडेपाचचा गजर लावला.