दगडाखालचा शब्दकोश

बुधवारी मी गारगोटी गाव सोडलं. आपा, तू दारात होतीस. अब्बा आत पुस्तकं बांधायची खळ शिजवत होते. गाडीवानाने हाक मारली आणि अब्बांनी माझ्यासाठी बांधून वाळायला दाबून ठेवलेला शब्दकोश मी दगडाखालून ओढून काढला.

आपल्या गावच्या हेडमास्तरांनी एका शाळेतल्या मास्तराच्या जागेसाठी माझं नाव कळवलं होतं. पत्र यायचं होतं. पण मामूंच्या ओळखीचा कारकून म्हणाला होता, गुरुवारपर्यंत कोल्हापुरात ये, पत्राबित्राशिवाय कचेरीत चिकटवतो. अब्बांनी माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. "पुठ्ठा वला हाय अजून. दोन दीस थांब की. अल्ला काय तुज्यावर रुसलाय व्हय?"

मी थांबलो नाही.

कारकुनाने महिनाभर मला ओसरीवर बसवलं, घरचं पाणी भरून घेतलं. जागा नव्हतीच. हेडमास्तरांचं पत्र मी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी आलं, हे तूच नंतर कळवलंस. तेव्हा मी कुठे राहतो ते मी कुणाला कळवलंच नव्हतं, आणि ती जागा दुसऱ्याला गेली. पुढे दोन वर्षं कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले. शब्दकोश जवळ असे. ओले काढलेले पुठ्ठे वाळताना वाकले होते. मिटला तरी तोंड उघडंच.

हेडमास्तरांनी पुन्हा नाव कळवलं. कारकूनही पुन्हा भेटला, नवी ओळख सांगू लागला. या वेळी मी नको म्हणालो आणि सात महिने वाट पाहिली. मग गडमुडशिंगीची शाळा मिळाली.

अब्बा बिऱ्हाड बघायला आले. शब्दकोश हातात घेतला, तेव्हा वाटलं, आता बोलणार. त्यांनी ओल्या फडक्याने पुठ्ठे दमट केले, परसातला दगड आणून वर ठेवला.

"मास्तर," म्हणाले. तसं कधी म्हणाले नव्हते. "ह्यो दगड मी सांगीन तवाच काढायचा. मधनं बघायचं न्हाय."

पंधरा दिवसांनी तुझा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा अब्बांचं दफन झालं होतं.

आपा, तू विचारतेस, आता गावी परत येणार का. घर कुठलं म्हटलं की मी अजून गारगोटीच सांगतो. पण इथली मुलं सकाळी माझ्या आधी शाळेच्या पायरीवर येऊन बसतात. शब्द अडला तर मी शेजारच्या गुरुजींकडे जातो. पुठ्ठे केव्हाच वाळले असतील.

दगड अजून पुस्तकावर आहे.