‘मंजे’ या शब्दावर हसलेली माणसं

“सांग बघू मग, ज्ञानमीमांसा म्हणजे काय?”

सरांनी हे चार पाहुण्यांसमोर विचारलं. ते सोफ्यावर. मी कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर. मधे पोह्यांच्या बशा.

सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. तीन वर्षं मी त्यांचं पुस्तक टाइप करत होते. माणसाच्या विचारांचा इतिहास. तत्त्वज्ञान, विज्ञान, साहित्य, धर्म, असे चार खंड. त्यांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. ते वाचता येणारी नागपुरात मी एकटी.

चूक माझी एवढीच की मी एक चूक दाखवली होती. पहिल्या खंडात सरांनी लिहिलं होतं, “श्रम करणाऱ्या समाजांनी संस्कृतीला हात दिले, विचार देण्याची सवड त्यांना नव्हती.” आणि तिसऱ्या खंडात कपडे शिवणाऱ्या, मडकी घडवणाऱ्या, मेलेली ढोरं ओढणाऱ्या कवींवर त्यांचीच चाळीस पानं.

“सर, दोन्ही एकदम खरं कसं असेल?” मी विचारलं.

सरांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “तुला टाइप करायला ठेवलंय. तपासायला नाही.” आणि मग हसत तो प्रश्न.

उत्तर मला येत होतं. पण पाच जण टक लावून बघायला लागले आणि पुस्तकी शब्द पळाले. घरची भाषा तेवढी तोंडात उरली.

“मंजे... आपल्याले जे माईत हाये, ते खरंच माईत हाये का, हे कशावरून समजते...”

“मंजे!” एक पाहुणा ओरडलाच. मग चौघेही हसले. एकाने तर डोळे पुसले. “सर, पाचवा खंड काढा. वऱ्हाडी तत्त्वज्ञान!”

मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, “जाऊ द्या हो. तिला काय कळतंय त्यातलं.”

सर हसले नाहीत. त्यांनी पॅडवर काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, यांच्यातला हा एक माणूस चांगला.

आणि मी? मीही हसले. त्यांच्यासोबत, स्वतःवर. दात दाखवून. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण लिहिते.

आमचं गाव कुही तालुक्यात. बाप बुटीबोरीच्या सूतगिरणीत लागला म्हणून आम्ही नागपुरात हुडकेश्वरला आलो. मी बी.एस्सी. केलं. नोकरी मिळाली नाही, टायपिंग शिकले. सरांकडे पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, मग आडनाव. ऐकून म्हणाले, “अच्छा.” लांबलचक अच्छा. “तुमच्या लोकांत हल्ली शिक्षण बरंच आलंय.” मी म्हटलं, “हो सर.”

दुपारी सर दोन तास झोपायचे. तेवढ्या वेळात मी त्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचायची. देव नाही म्हणणारे. पृथ्वी फिरते म्हणणारे. असं म्हटलं म्हणून जाळले गेलेले. काय आधी वाचायचं, काय नंतर, सांगणारं कोणी नव्हतं. हातात येईल ते. एकदा मॅडमनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी कपाटांना कुलपं. मला कोणी काही बोललं नाही. कुलूपच बोललं.

त्या हसण्यानंतर पंधरा दिवसांनी प्रस्तावनेची नवी पानं आली. टाइप करता करता दुसऱ्या पानावर माझी बोटं थांबली.

“ज्ञानमीमांसा म्हणजे, आपल्याला जे ठाऊक आहे ते खरोखरच ठाऊक आहे का, हे कशावरून कळते, असा प्रश्न. ही सोपी व्याख्या सापडायला मला अनेक वर्षे लागली.”

अनेक वर्षे!

माझंच वाक्य. धुतलेलं, इस्त्री केलेलं. आणि पहिल्या खंडातलं ते हातांचं वाक्य होतं तसंच.

“सर, हे माझं आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “तू काहीतरी बडबडलीस. त्याची व्याख्या मी केली. भाषेला आकार द्यावा लागतो.”

“त्या दिवशी सगळे हसले होते.”

“मग? व्याख्या काय तुझ्या बापाची आहे?”

“हो,” मी म्हटलं. “माह्या बापाचीच हाये.”

रागाने नाही बोलले. खरंच होतं ते. माझा बाप सातवी शिकलेला. रविवारी विहारात कोणीही बोलायला आलं की तो उभा राहायचा. “तुमी मनता तसं असन. पण हे तुमाले माईत हाये, हे तुमाले कसं समजलं?” पुस्तकात आहे म्हटलं की म्हणायचा, “अन् पुस्तकवाल्याले?” लोक वैतागायचे. “बस ना गा आता खाली!” बसायचा. पुढच्या रविवारी पुन्हा उभा. गिरणीच्या कापसाने त्याची छाती भरली. शेवटी लांब वाक्य बोलायला दम पुरत नव्हता, तर प्रश्न छोटे केले. थांबवले नाहीत.

मी हे सगळं सरांना सांगितलं. ते म्हणाले, “आवाज खाली. इथे कामाला येतेस तू.”

मी फाइल सेव्ह केली. एका अक्षराला हात लावला नाही. चोर मी नव्हते. मग बटण बंद केलं.

“उद्यापासून येत नाही.”

मॅडम धावत आल्या. “एवढं काय लागलं गं तुला? आभारात आहेस ना तू.”

आभाराचं पान टेबलावरच होतं. मी वाचलं. “टंकलेखन करणाऱ्या होतकरू मुलीचे आभार.” मी एकतीस वर्षांची होते. तीन वर्षं त्या घरात रोज जात होते. नाव नव्हतं.

गेटपर्यंत नीट चालत गेले. बाहेर स्कुटीला किल्ली लागेना. धाडस वगैरे काही नव्हतं ते.

महिनाभराने मॅडमचा फोन. “नवी मुलगी रडते गं त्यांच्या अक्षरापुढे. ये ना.”

“येत नाही.” एवढंच बोलले.

पुस्तक निघालं. एका पेपरात त्या व्याख्येची तारीफ छापून आली. हातांचं वाक्यही छापलं गेलंय. कोणाला खटकलं नाही.

मी यंदा तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलंय. सुट्टीच्या दिवशी फोन घेऊन फिरते. विहारांत, गिरणीवाल्यांच्या वस्त्यांत, कुहीकडच्या धानाच्या बांधांवर. म्हाताऱ्या माणसांना विचारते, तुम्हाला शंका कशाची आली? कोणाला विचारली? गप्प कोणी केलं? सगळं फोनवर रेकॉर्ड करते, मग लिहून काढते. नावानिशी, गावानिशी.

हे मी तुमच्या भाषेत लिहिलं. मुद्दाम. तुम्हाला हसायला जागा मिळू नये म्हणून. त्या म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत छापीन. एक शब्द धुणार नाही. समजलं नाही तर शिका. आम्ही तुमची शिकलोच.