सहाच्या चहासाठी कर्जरोखे

म्युनिसिपालटीकडून काहीतरी उकळायला निघालेली माणसं मरोळात पैशाला पासरी होती. पण तिला आपणहून कर्ज द्यायला निघालेला माणूस अख्ख्या वस्तीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला! त्यात राहायला आमच्याच खालच्या मजल्यावर, म्हणजे सुटका नाही. मी कामावरून येऊन चपला काढतोय न काढतोय तोच जिन्यातून हाक यायची, "जावई, पाच मिनटां आसत रे?" मामांच्या पाच मिनिटांत आमच्या घरी भात शिजून निवायचा.

कल्पना तशी सोपी होती. घाटकोपरहून येणारी बस साकीनाक्याला टेंपो, हातगाड्या, रिक्षांच्या गुंत्यात अडकते ना? मग रस्त्याच्या मधोमध बसला स्वतःची वाट द्या, दोन्हीकडे कठडा घाला, आत चिटपाखरू शिरता कामा नये. पैसे नाहीत म्हणता? लोकांना कर्जरोखे विका, वाट बांधा आणि तिकिटातून सावकाश फेडा. प्रयोग म्हणून मामांनी आमच्या जिन्यावर वरपासून खालपर्यंत गेरूची रेघ ओढली. भरलेली बादली डावीकडून, बाकी सगळे उजवीकडून. पहिल्याच सकाळी मी पेपर वाचत डावीकडून उतरलो आणि समोरून येणाऱ्या बादलीने गुडघ्यापर्यंत भिजलो. "बघितलंस? वाट चुकलास की काय होतं!" मामा वरून ओरडले. राग आला, पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून जिन्यातली भांडणं निम्मी झाली.

रोखे काढणार म्युनिसिपालटी, पण घेणारे आहेत हे आधी दाखवायला नको? म्हणून मामांनी 'मी रोखा घेईन' असे कागद सायक्लोस्टाइल करून आणले आणि वीस सह्या झाल्या की अर्ज पाठवायचा असं ठरवून रोज संध्याकाळी दारोदार फिरायला लागले. आता आमच्या कोकणी माणसाच्या दारात कोणी कागद घेऊन उभा राहिला, की तो वर्गणीलाच आलेला असणार! तळमजल्यावरच्या काकूंनी मामांच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत सव्वापाच रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि बजावलं, "यंदा मूर्ती जरा लहान आणा." मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "ही वर्गणी नाय गो बाय, ह्यां कर्ज! परत गावतलां, व्याजासकट!" दारात दिलेले पैसे परत येतात यावर एकाचाही विश्वास बसेना. दोन घरांतून तर आरती किती वाजता म्हणून विचारणा झाली. मामांनी घरोघर जाऊन पैसे परत केले आणि कशाबशा एकोणीस सह्या जमवल्या. मी मात्र रोज "उद्या करतो" म्हणत होतो.

"व्याज किती सुटेल हो मामा?" मी चिडवायचो.

"पैशात कोण मागता? माका येळात दिलां तरी चालात."

हे वेळेचं खूळ मामींपायी होतं. संपात गिरणी गेली, मामा घरी बसले आणि मामी घाटकोपरला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात जायला लागल्या. पाचला सुटायच्या, मरोळला उतरायला साडेसात, आणि सगळा प्रवास उभ्याने. सातच्या ठोक्याला मामा काखेत घडीचं स्टूल घेऊन स्टॉपवर हजर. मामी उतरल्या की भर रस्त्यात स्टूल मांडून म्हणायचे, "बस जरा." "लोकां बघतत! उचला तां आधी!" म्हणत मामी ताडताड घराकडे, मागून स्टूल.

"सहाला आली तर उजेडात एक कप चहा घेऊ रे दोघं," मामा एकदा म्हणाले. "आधी माझी पाळी, आता तिची नोकरी. कधी जमलंच नाही."

"रविवार आहे की!"

"रविवारी तू येतंस ना चहाक!"

मग एक दिवस रिक्षा-टेंपोवाल्यांनी संप केला. रस्ता ओस, आणि मामी सहाच्या आत घरी! आलं घालून त्यांनी दोन कप चहा ओतला, वर बशा झाकल्या आणि दाराकडे बघत बसल्या. मामांचा पत्ता नाही. स्टूल घेऊन विसाव्या सहीसाठी कुठल्याशा चाळीत फिरत होते. मी दोन चाळी पालथ्या घातल्या आणि शेवटी मामा आठला स्टॉपवर सापडले.

"आज जास्तच उशीर झाला रे बसला."

"मामा, मामी सहालाच आल्या."

मामा हळूच म्हणाले, "चाय केल्यान?"

"आलं घालून. दोन कप."

त्यांनी स्टूल उघडलं आणि स्वतःच त्यावर बसले. मग मान वर करून म्हणाले, "बघितलंस? रस्तो मोकळो असलो तर सहाक येता ती! मी सांगत होतंय!" बोलताना डोळे भरून आले होते. मी खिशातलं पेन काढलं आणि तिथेच सही केली. विसावी.

अर्ज गेला, उत्तर आलं नाही, वाटही झाली नाही. माझ्या एका सहीने ती झाली असती असंही नाही. पण सही आदल्या दिवशी केली असती, तर त्या संध्याकाळी मामा सहाला घरी असते. याची चुटपुट मला अजून लागते.