ताईला वाचून दाखवलेला शेवट

छापखान्यात त्याला सगळे 'खाडाखोड' म्हणत. तो मुद्रितशोधक होता. पुस्तक छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकून लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, हा त्याचा धंदा. स्वतः चूक करायचं धाडस मात्र त्याला कधी झालं नाही. तो लिफ्टला घाबरायचा, इंजेक्शनला घाबरायचा, साहेबांना तर त्यांच्या रजेच्या दिवशीही घाबरायचा. एकदा म्हणे मुलगी पाहायला गेला होता; तिच्या वडिलांनी दार उघडताच "पत्ता चुकला" असं सांगून परत आला.

हे सगळं निभावलं ते ताईमुळे. आईवडील गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, आणि पुढे पन्नाशीपर्यंत वाढवतच राहिली. रोज दुपारी ती लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायची आणि तो छापील मजकूर ताडून पाहायचा. रीत अशी, की विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. "राजा म्हणाला स्वल्पविराम मी मेलो पूर्णविराम," हे ती इतक्या थंडपणे वाचायची की राजाची कीव यावी.

यंदा ताई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी खाडाखोडला जिन्यात गाठून सांगितलं, "आता दिवस मोजकेच."

त्याच आठवड्यात मुलांची एक काळोखी कादंबरी तपासायला आली. जमिनीखालच्या सावल्या धाकट्या भावाला पळवतात, त्याला सोडवायला बहीण खाली उतरते. आता तो वाचायचा आणि ताई डोळे मिटून ऐकायची.

"भित्रट आहे हा पोरगा," ती म्हणाली. "कुणावर गेलाय कोण जाणे."

शेवटचं प्रकरण त्याने छापखान्यातच चाळलं होतं. भावाला वर पाठवण्यासाठी बहीण खालीच राहते. हे हिच्यापुढे कसं वाचायचं? त्याने कागद तोंडासमोर धरले आणि मनानेच सुरू केलं. दोघं हात धरून वर आली, लख्ख ऊन पडलं होतं, आई दारात उभी होती...

"थांब. एकही स्वल्पविराम नाही? मनाने रचतोयस."

"लेखकच तसा आहे, ताई."

"तीनशे पानं चिन्हं देत होता, ती ऐन शेवटी संपली होय त्याची? खरं वाच."

त्याने वाचलं, चिन्हांसकट. आवाज फाटला, पण ओळ गाळली नाही. जन्मात केलेलं हे पहिलं धाडस, आणि त्या धाडसाने काही म्हणता काही टळणार नव्हतं.

"बरोबर लिहिलंय," ताई म्हणाली. "मग पोरगा वर जाऊन करतो काय?"

"पुस्तक तिथंच संपतं."

"लेखकाचं बरंय. इथं घरातला सिलिंडर संपलाय आणि तुला तो बदलता येत नाही. ऊठ, शीक."

"उद्या, ताई."

"आत्ता."

तो स्वयंपाकघरात गेला. "आधी बटण बंद कर," बाहेरून आवाज आला. त्याने केलं. "आता रेग्युलेटर उचल." त्याने उचलला.

"पुढे?" त्याने विचारलं. थोडं थांबून, जरा मोठ्याने, पुन्हा विचारलं.